काचेच्या पेटीतला दर्या : नव्या टाकीत प्रवाळ आणण्याआधी

आमच्या हॉलमध्ये जिथे पूर्वी टीव्हीचे टेबल होते, तिथे आता दोन फुटांची काचेची टाकी आहे. संध्याकाळी तिचा निळा दिवा लागला की घरातले सगळे थोडा वेळ तरी तिच्यासमोर बसतात. पाहुणे आले की ठरलेला प्रश्न येतो, "ही फुले खरी आहेत का?" आमचा धाकटा, वय वर्षे आठ, लगेच उत्तर देतो, "खाला, ती फुले नाहीत, जनावरे आहेत. त्यांना तोंड असते."

या दिवाळीच्या सुट्टीत टाकीला एक वर्ष पूर्ण झाले. या वर्षात आम्ही बरेच शिकलो, काही चुका केल्या, आणि त्या चुकांची किंमत मुक्या जिवांनी मोजली. आजकाल मुले मोबाइलवर समुद्री टाक्यांचे व्हिडिओ पाहतात आणि आई-वडिलांकडे हट्ट धरतात. ज्या घरात असा हट्ट सुरू झाला असेल, त्या घरासाठी हा लेख आहे. दुकानात जाण्यापूर्वी तो एकदा वाचावा, एवढीच विनंती.

सुरुवात कशी झाली

मुलांचे मामू शारजाला असतात. त्यांनी आपल्या घरातल्या समुद्री टाकीचा व्हिडिओ पाठवला आणि आमची थोरली, जी तेव्हा नववीत होती, तिने तोच ध्यास घेतला. गोड्या पाण्यातले मासे आमच्याकडे पूर्वी होते. त्यामुळे आम्हाला वाटले, पाण्यात मीठ घातले की झाले. अब्बा मात्र हसले. त्यांची तीस वर्षे जहाजावर गेली आहेत. ते म्हणाले, "दर्यात जे आपोआप होते, ते तुम्हाला रोज मोजून करावे लागेल. करणार असाल तर आणा."

हे वाक्य आम्हाला वर्षभर पुरले.

प्रवाळ म्हणजे काय

प्रवाळ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांना पोवळ्याची लाल अंगठी आठवते. कुरआन वाचणाऱ्या घरांना 'मर्जान' हा शब्दही ओळखीचा आहे, कारण सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या बरोबर त्याचा उल्लेख येतो. पण दागिन्यातले पोवळे म्हणजे त्या जिवाने मागे ठेवलेला सांगाडा. जिवंत प्रवाळ हा मऊ शरीराचा, मध्ये तोंड आणि भोवती स्पर्शिका असलेला छोटा प्राणी आहे. बहुतेक प्रवाळांत असे शेकडो-हजारो प्राणी एकमेकांना चिकटून वसाहत करतात.

यातला सगळ्यात नवलाचा भाग पुढे आहे. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. बदल्यात प्रवाळ त्याला राहायला जागा आणि खत पुरवतो. पाणी फार तापले किंवा उजेड एकदम बदलला की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि ही स्थिती लांबली तर उपाशी मरतो. लक्षद्वीपच्या खडकांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हेच घडले. जे अफाट समुद्रात पाणी दोन-तीन अंश तापल्याने घडते, ते पन्नास लिटरच्या पेटीत एका दुपारी घडू शकते. लहान टाकी स्वस्त असते म्हणून ती सोपी असेल असे अनेकांना वाटते. खरे तर पाणी जितके कमी, तितका बिघाड लवकर होतो.

आधी पाणी, मग जीव

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. खडक आणि वाळू धरून तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते.

पाण्यासाठी नळाचे पाणी चालत नाही. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातही थोडे क्षार उरतात. मासे ते सहन करतात, पण प्रवाळाला आणि विशेषतः नको असलेल्या शेवाळाला त्याचा फरक पडतो. म्हणून आरओनंतर आणखी एक गाळणी लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. मीठ म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. समुद्री टाकीसाठी मिळणाऱ्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ ते १.०२६ हा आकडा आला पाहिजे. काही जण विचारतात, किनाऱ्यावरून पाणी का आणू नये? मुंबई-ठाण्याच्या खाडीतले पाणी सांडपाण्याने बिघडलेले असते, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यातला खारटपणाही घटतो. त्यापेक्षा घरी मोजून केलेले पाणी बरे.

पाणी भरले, खडक रचले, वाळू घातली, पंप सुरू केला. टाकी सुंदर दिसू लागली. पण ती अजून तयार नव्हती, आणि आमची चूक इथेच झाली.

नव्या टाकीत जिवाणूंची वस्ती नसते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया तयार होतो, जो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात सुसह्य असते. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा नको आणि प्रवाळही नको. चिमूटभर माशांचे खाणे टाकून जिवाणूंना भूक लावायची आणि टेस्ट किटने मोजत राहायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे चक्र पूर्ण झाले.

आमची घाई

तिसरा आठवडा सुरू होता. अमोनिया कमी झाला होता, पण नायट्राइट अजून दिसत होते. थोरलीची सुट्टी संपत आली होती आणि शाळा सुरू होण्यापूर्वी 'काहीतरी जिवंत' हवे होते. आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाभी, ये तो सबसे आसान है, आज डालो, कल खिलेगा." त्याने झेनिया नावाचा मऊ प्रवाळ दाखवला. त्याचे हात मुठीसारखे उघडतात आणि मिटतात, जणू पाण्यात श्वास घेतोय. आम्हालाही मोह झाला.

दुसऱ्या दिवशी तो खरेच उघडला. तिसऱ्या दिवशी मिटला. चौथ्या दिवशी त्याचे देठ वाकले. पाचव्या दिवशी सकाळी तो विरघळलेल्या साबणासारखा खडकावर पसरला होता आणि पाण्याला वास येत होता. आम्ही चिमट्याने तो काढला, निम्मे पाणी बदलले. थोरली त्या रात्री जेवली नाही. ती म्हणाली, "मी त्याला मारले." आम्ही तिला समजावले की निर्णय आमचा होता. पैसे आम्ही दिले होते आणि 'थांबू या' हे आम्ही म्हणायला हवे होते.

दुकानदाराने आग्रह केला हे खरे, पण किट आमच्या हातात होते आणि आकडा आमच्या डोळ्यांसमोर होता. दोष आमचाच.

त्यानंतर आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने तारीख घातली : जानेवारीच्या आधी टाकीत प्रवाळ येणार नाही. मधल्या काळात टाकी कुरूप झाली. काचेवर तपकिरी थर चढला, मग खडकांवर हिरवे केस उगवले, मग वाळूवर लालसर बुळबुळीत पापुद्रा आला. पाहुण्यांना दाखवायला लाज वाटायची. पण हे प्रत्येक नव्या टाकीत कमी-जास्त होतेच. या वेळी घाबरून औषधे ओतू नयेत. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, काच पुसावी, दिवा कमी वेळ लावावा आणि सब्र करावा. चक्र पूर्ण झाल्यावर आम्ही टाकीतच जन्मलेली क्लाउनफिशची एक जोडी आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी आणल्या. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा घरात लवकर रुळतो, आणि खडकावरचा एक जीवही कमी होत नाही.

कायद्याची गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही

जानेवारीत आम्ही दुसऱ्या एका दुकानात गेलो. समोरच्या टाकीत मऊ प्रवाळ होते. थोरलीने मोबाइलमधला फोटो दाखवून 'हॅमर' आहे का विचारले. दुकानदार आत गेला आणि मागच्या खोलीतून एक झाकलेली बादली घेऊन आला. झाकण काढले तर आत तोच, हातोड्यासारख्या टोकांचा, हिरवा चमकणारा प्रवाळ. भावही फार नव्हता. आम्ही विचारले, "बिल मिळेल?" तो हसला, "इसका बिल नहीं बनता. सब रखते हैं."

बिल का बनत नाही, हे आम्हाला घरी येऊन शोधल्यावर कळले.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ज्यात वाघ आहे त्याच यादीत, प्रवाळांचा समावेश झाला. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे म्हणजे सी फॅन त्यात येतात. २०२२ च्या सुधारणेनंतरही कठीण प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. अशा प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. हॅमर, टॉर्च, ब्रेन, ॲक्रोपोरा अशी जी नावे व्हिडिओत सतत ऐकू येतात, ती सगळी कठीण प्रवाळांची आहेत. परदेशातला शौकीन ती उघडपणे पाळतो, म्हणून आपल्यालाही चालतात असे नाही.

समुद्रातून काढलेला खडक आणि मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडाही साधा दगड समजू नये. जेद्दाहून किंवा दुबईहून येताना किनाऱ्यावर सापडलेला सुंदर तुकडा बॅगेत टाकण्याची सवय अनेकांना आहे. सगळे कठीण प्रवाळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या ने-आणीला परवाना लागतो. आपल्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवावे. टाकीसाठी कारखान्यात बनवलेला सच्छिद्र खडक मिळतो. आमच्याकडे तोच आहे आणि एका वर्षात त्यावर इतके काही उगवले आहे की तो बनावट आहे हे कुणाला ओळखता येत नाही.

हा कायदा किती गंभीरपणे घेतला जातो, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. किनारी रस्त्याचे काम सुरू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आढळल्या. त्या हलवण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी १८ वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला मूठभर प्रवाळांसाठी परवानगी घ्यावी लागते, तिथे आपण बादलीतला प्रवाळ पिशवीत घालून घरी कसा आणायचा?

थोरलीला वाईट वाटले. ती म्हणाली, "पण तो तर आधीच पकडलेला आहे. आपण नाही घेतला तर दुसरा कुणीतरी घेईल." हा प्रश्न सोपा नाही. आम्ही जरा थांबून तिला इतकेच सांगितले की आपण एक घेतला तर त्याच्या जागी बादलीत दुसरा येईल, आणि तो कुठून येईल? अब्बांनी तिला नकाशा काढून दाखवला. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर पाण्याखाली 'आंग्रिया बँक' नावाचे पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते, आणि तिथे प्रवाळांची मोठी वस्ती आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत, आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अब्बा म्हणाले, "आपलाच दर्या आहे. तिथे जाऊन बघू, घरी आणायची काय गरज?"

मग कोणते प्रवाळ ठेवावेत

मशरूम म्हणजे छत्रीसारखे चपटे प्रवाळ, लेदर म्हणजे चामड्यासारखे जाड, आणि झेनियासारखे मऊ प्रवाळ हे खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांत मोडत नाहीत. नवख्याने यांतूनच निवड करावी. तरीही दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, प्रवाळाचे नाव लिहिलेले पक्के बिल घ्यावे. दुसरी, शंका असेल तर वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारावे आणि मगच घ्यावे. जो दुकानदार बिल देत नाही, त्याच्याकडून काहीच घेऊ नये. शक्य असल्यास एखाद्या शौकिनाच्या टाकीत वाढलेला, त्याने कापून वेगळा केलेला तुकडा घ्यावा. असा तुकडा टाकीच्या आयुष्याला सरावलेला असतो.

आम्ही तीन लाल मशरूम असलेला एक खडा आणि छत्रीच्या आकाराचा एक लहान लेदर घेतला. मशरूमला कमी उजेड आणि शांत पाणी आवडते, म्हणून तो खाली, सावलीच्या बाजूला ठेवला. लेदरला मध्यम उजेड आणि पाण्याची हलती धार हवी, म्हणून तो मधल्या उंचीवर. दोन प्रवाळांमध्ये वीतभर अंतर ठेवले, कारण ते दिसायला शांत असले तरी शेजाऱ्याशी जागेसाठी लढतात. लेदर तर पाण्यात रसायने सोडून इतरांना दाबतो. त्यासाठी फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची लहान पुरचुंडी ठेवावी.

दुसऱ्या आठवड्यात लेदर मिटला आणि त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा आला. आम्हाला झेनिया आठवला आणि छातीत धस्स झाले. पण पाच दिवसांनी पापुद्रा गळून पडला आणि आतून तो पूर्वीपेक्षा टवटवीत निघाला. लेदर असा अधूनमधून कात टाकतो. त्या दिवसांत त्याला हलवू नये, फक्त पाण्याची धार थोडी वाढवावी.

घरी आणल्या दिवशी काय करावे

पिशवी बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, म्हणजे तापमान सारखे होते. मग पिशवीतले पाणी एका भांड्यात ओतून त्यात अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे. त्यानंतर दुसऱ्या भांड्यात टाकीचे पाणी घेऊन त्यात प्रवाळ धुण्याचे औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालावे आणि प्रवाळ त्यात बुडवून हलवावा. आमच्या लेदरच्या तळातून असे बुडवल्यावर दोन चपटे किडे बाहेर पडले. ते टाकीत गेले असते तर महिनाभरात शेकडो झाले असते. खड्याच्या खाली काचेसारखे तपकिरी छोटे फूल दिसले तर तो एप्टेशिया. तो टाकीभर पसरतो आणि इतरांना डसतो. तो असेल तर खडा टाकीत घालूच नये. पिशवीतले किंवा औषधाचे पाणी टाकीत ओतू नये.

पहिला आठवडा दिवा नेहमीपेक्षा मंद ठेवावा आणि हळूहळू वाढवावा. दिवसाला आठ तास पुरतात. एका वेळी एकच प्रवाळ आणावा, आणि पुढचा आणण्याआधी निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. नायट्रेट पूर्ण शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. अगदी 'उपाशी' पाण्यात प्रवाळ फिके पडतात. आमच्याकडे ते २ ते १० पीपीएमच्या दरम्यान असते. क्षारता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०. हे आकडे अचूक असण्यापेक्षा स्थिर असणे महत्त्वाचे.

लहान मुलांच्या घरात एक इशारा

झोअँथिड आणि पॅलिथोआ नावाचे बटणासारखे रंगीत प्रवाळ स्वस्त आणि काटक असतात, म्हणून नवख्यांना ते आवर्जून दिले जातात. त्यांच्यापैकी काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या एका पॅलिथोआमधून ते प्रथम वेगळे करण्यात आले. हाताला जखम असताना स्पर्श झाला, डोळ्यात पाणी उडाले, किंवा खडक स्वच्छ करायला तो उकळत्या पाण्यात टाकला तर घरातले सगळे आजारी पडू शकतात, कारण वाफेबरोबर ते विष श्वासात जाते. तोंडात धातूसारखी चव, ताप, छातीत घट्टपणा, श्वास लागणे किंवा डोळ्यांची आग अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना प्रवाळाचे नाव सांगावे.

धाकटा मोठा होईपर्यंत हे प्रवाळ आमच्या घरात येणार नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. इतर कोणताही प्रवाळ हाताळतानाही हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. टाकीची बादली, चिमटा आणि कापड स्वयंपाकघरात नेऊ नये. खडक कधीही उकळू नये.

सालन आटले तर मीठ घालतात का?

मे महिन्यात गावी लग्न होते. आठवडाभर घर बंद. शेजारच्या भाभीने टाकी बघायचे कबूल केले. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सुरू असल्याने रोज साधारण एक लिटर पाणी उडते. आम्ही गॅलरीत दोन कॅन भरून ठेवले होते. एकात साधे शुद्ध पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी तयार केलेले खारे. दोन्ही कॅन सारखेच, आणि चिठ्ठी लावायचे आम्ही विसरलो. भाभीने सहा दिवस मनापासून, न चुकता, खाऱ्या कॅनमधले पाणी घातले.

परत आलो तेव्हा लेदर मिटलेला, मशरूम आक्रसून नाण्याएवढे झालेले. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२९. हिशेब सोपा आहे. पाणी उडते, मीठ मागेच राहते. एका लिटरमधले ३५ ग्रॅम मीठ सहा दिवस वाढत गेले, म्हणजे दोनशे ग्रॅमहून अधिक. अम्मींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "सालन आटून खारट झाले तर त्यात पाणी घालतात. मीठ कोण घालते?" याहून चांगली समजूत आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

एकदम गोडे पाणी ओतले असते तर दुसरा धक्का बसला असता. म्हणून चार दिवस रोज दीड लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी घातले. पाचव्या दिवशी १.०२६. आठवड्याने लेदर उघडला. आता साध्या पाण्याच्या कॅनला निळी फीत आहे, खाऱ्याला लाल, आणि दोन्हींवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. भाभीला आम्ही चुकीचे काही जाणवू दिले नाही. चूक आमची होती.

उन्हाळ्याचीही गोष्ट सांगायला हवी. प्रवाळाला २४ ते २६ अंश तापमान मानवते. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये दुपारी ३३-३४ अंश असतात. पाण्यावरून वाहणारा छोटा पंखा दोन-तीन अंश कमी करतो, पण आपल्याकडची हवा दमट असल्याने त्याला मर्यादा आहे. टाकी खिडकीपासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला ठेवावी. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली घर असेल तर चिलरशिवाय हा शौक करू नये. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

घेण्यापूर्वी स्वतःला विचारा

टाकी, दिवा, पंप, पाण्याची गाळणी, मीठ, किट, खडक असे करता करता पहिल्या तीन महिन्यांत आमचे पंचवीस हजारांहून अधिक गेले, आणि प्रवाळांचा वाटा त्यात सगळ्यात लहान होता. वीज, मीठ आणि फिल्टरचा खर्च दरमहा चालूच आहे. घरखर्चाला ताण पडत असेल तर हा शौक पुढे ढकलावा, त्यात कमीपणा नाही. दर आठवड्याला एक तास कोण देणार, परीक्षेच्या दिवसांत कोण बघणार, सुट्टीत कुणाला सांगणार, हे आधी ठरवावे. घरातल्या प्रत्येकाने 'हो' म्हटल्याशिवाय टाकी आणू नये, कारण कंटाळा आला म्हणून या जिवांना समुद्रात किंवा नाल्यात सोडता येत नाही. परक्या समुद्रातला जीव आपल्या किनाऱ्यावर सोडणे हेही नुकसानच.

आमच्याकडे आज दोन मासे, काही गोगलगायी, एक लेदर आणि सात मशरूम आहेत. तीनाचे सात झाले, तेही आपोआप, खडकावर सरकत सरकत. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने थोरलीकडे मशरूम मागितला. त्याची टाकी नवी आहे, तीन आठवड्यांची.

थोरलीने त्याला टेस्ट किट दिले आणि सांगितले, "दोन्ही आकडे शून्य आले की मला बोलाव, आणि त्यानंतरही महिनाभर थांब. तुझा मशरूम मी बाजूला काढून ठेवला आहे."

तो मशरूम टाकीच्या उजव्या कोपऱ्यात वेगळ्या खड्यावर बसलेला आहे. मुलगा दर रविवारी येऊन तो बघून जातो.